‘अलबेला’तला तो बँड कुणाचा?

मागचे तीन भाग आपण कर्जाचे हप्ते, व्याज आणि प्रोसिडिंग बुक यांतच घालवले. मग केंद्रावर निरोप आले की ताई, एखाद वेळेस गाण्याबजावण्याचं सांगा ना. तर आज एका बँडची गोष्ट सांगते. हिशोबाचा विषय त्यात मधून मधून येईलच, माझी खोड ती.

आपल्याकडं वरात निघाली की बँडवाले काही गाणी हमखास वाजवतात. नवी येतात, जातात, पण ‘शोला जो भडके’ आणि ‘भोली सूरत’ ही दोन काही हटत नाहीत. नवरदेवाचा मामा दोन्ही हात जरासे वर करून, खांदे हलवत, पाय फारसे न उचलता नाचू लागतो. तो नाच भगवानदादांचा, आणि ही दोन्ही गाणी त्यांच्या ‘अलबेला’ सिनेमातली. सिनेमा आला १९५१ साली. म्हणजे आज नाचणाऱ्या कितीतरी पोट्ट्यांचे आजोबासुद्धा तेव्हा लहान असतील.

भगवानदादा आपल्याकडचे. भगवान आबाजी पालव, जन्म १९१३ सालचा, अमरावतीचा. वडील गिरणी कामगार. मुंबईत गिरणगावात वाढले, अंगानं धट्टेकट्टे, कुस्तीची आवड. मारामारीचे स्वस्तातले सिनेमे काढायचे आणि त्यांत स्वतःच काम करायचे. राज कपूरनं त्यांना सल्ला दिला की एखादा घरगुती, सामाजिक सिनेमा काढ. त्यातून ‘अलबेला’ झाला. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचं.

सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची चाल त्यांचीच. भगवानदादांशी त्यांची दोस्ती ‘अलबेला’च्या कितीतरी आधीची. १९४२ साली भगवानदादांच्याच ‘सुखी जीवन’ला त्यांनी संगीत दिलं होतं. इथपर्यंत आपल्यातल्या बऱ्याच जणींना माहीत असतं. टीव्हीवर दाखवतात, पेपरात छापून येतं.

पण ‘अलबेला’त ‘दीवाना परवाना’ नावाचं एक गाणं आहे. ते मोबाइलवर लावून नीट बघा. मागं बाह्यांना झालरी लावलेले शर्ट घातलेली माणसं वाद्यं घेऊन उभी आहेत. सिनेमात असं दिसलं की आपण समजतो, उभे केलेले नट असतील, नुसती वाद्यं धरून मान हलवत असतील. इथं तसं नाही. ती खरी वाजवणारी माणसं आहेत. त्या बँडचा म्होरक्या गोव्यातल्या हळदोण्याचा, ज्याला तिकडं आल्दोना म्हणतात. जन्म १९१६ चा. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, पण सगळे ओळखायचे चिक चॉकलेट या नावानं. हसू नका, मलाही आधी हसूच आलं होतं. नाव गोळी-बिस्किटाचं असलं तरी हा माणूस त्या काळच्या मुंबईत ट्रम्पेट वाजवण्यात फार वरचा मानला जायचा. त्याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आर्मस्ट्राँग हा अमेरिकेतला जगप्रसिद्ध ट्रम्पेटवाला, काळ्या लोकांच्या वस्तीत गरिबीत वाढलेला.

आता ट्रम्पेट म्हणजे काय, तर आपल्या वरातीच्या बँडमध्ये सगळ्यांच्या पुढं जो पिवळंधमक, तीन बटणांचं वाजवतो ना, तेच. आपल्याकडं ही वाद्यं आली इंग्रजांच्या पलटणींबरोबर. परतवाड्याला एकेकाळी त्यांची छावणी होती, हे आपल्याला घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आहेच. पलटणीचे बँड बघून गावोगावचे वाजवणारे शिकले आणि लग्नाचे बँड तयार झाले. तिकडं अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाच्या बंदराच्या शहरातही जवळपास असंच झालं. लष्करी बँडची वाद्यं गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या हातात आली, त्यांनी त्यांच्या भजनांचे, कामाच्या गाण्यांचे सूर त्यावर वाजवले. त्यातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे संगीत तयार झालं त्याला जॅझ म्हणतात.

जॅझ ऐकायला आपल्याला अवघड वाटतं, पण त्यातली मुख्य गोष्ट आपल्या आज्यांना ठाऊक होती. जात्यावर दोघी बसल्या की ओवीची चाल ठरलेली असते. एक ओवी म्हणते, तिची झाली की दुसरी तिच्या मनातली ओवी जोडते. चाल तीच, जात्याचा ठेका तोच, शब्द मात्र जिचे तिचे, तिथल्या तिथं सुचलेले. जॅझमध्ये तसं सुरांचं होतं. सगळे मिळून आधी ठरलेली चाल वाजवतात, मग पाळीपाळीनं एकेक जण पुढं येतो आणि त्या चालीवर त्याला त्या घटकेला सुचेल ते वाजवतो. बाकीचे मागं ठेका धरून राहतात. आपली पाळी संपली की मागं सरायचं आणि दुसऱ्याला जागा द्यायची. चांगला जॅझवाला कोण, तर ज्याला मागं राहून वाजवता येतं तो, असं मला तरी हे सगळं ऐकल्यावर वाटलं.

मुंबईत हे संगीत कसं पोचलं? तर मोठ्या हॉटेलांतून. १९३५ साली ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी नावाचा काळा अमेरिकन त्याचा बँड घेऊन आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे आणखी आले. स्वतःच्या देशात ज्यांना गोऱ्यांच्या शेजारी बसता येत नव्हतं, ती माणसं इथं साहेब लोकांना आणि राजेरजवाड्यांना नाचवत होती. त्यांच्या बँडमध्ये वाजवायला माणसं लागली तेव्हा गोव्याची पोरं भरती झाली. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड त्यांतलाच एक. तो त्या अमेरिकनांच्या शेजारी बसून शिकला.

गोव्याचीच पोरं का? याचं उत्तर त्यांच्या शाळेत आहे. पोर्तुगीज काळापासून गोव्यात चर्चच्या जोडीला एक शाळा असे. त्या शाळेचा मेस्त, म्हणजे मास्तर, मुलांना चर्चमध्ये गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवे. मुख्य म्हणजे सूर लिहायला आणि लिहिलेले सूर वाचायला शिकवे. आपल्याकडं गाणं कानानं शिकतात. गुरूनं म्हटलं, शिष्यानं म्हटलं. त्यांच्याकडं कागदावर पाच आडव्या रेघा मारतात आणि त्यांवर ठिपके देतात. ठिपका वर असला तर सूर उंच, खाली असला तर खालचा. ठिपका पोकळ आहे की भरलेला, त्याला शेपूट आहे की नाही, यावरून सूर किती वेळ धरायचा ते कळतं. ठिपक्यांच्या रांगोळीसारखं समजा. जिला ठिपके मोजून जोडता येतात ती कधीही न पाहिलेली रांगोळी पुस्तकात बघून काढते. तशी गोव्याची पोरं कधीही न ऐकलेलं गाणं कागद बघून वाजवत. कष्टाच्या घरातल्या मुलाला गावच्या शाळेत मिळालेलं हे कौशल्य पुढं मुंबईत त्याचं पोट भरणार होतं.

चिकनं त्याचा स्वतःचा बँड उभा केला. चिक अँड द म्युझिक मेकर्स. चाळीसच्या दशकात हा बँड ताजमध्ये वाजवत होता, त्याच्या ग्रामोफोनच्या तबकड्याही निघाल्या. उन्हाळ्यात साहेब लोक मसुरीसारख्या थंड हवेच्या गावी जात, तेव्हा बँडही त्यांच्या मागं जात. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात डोंगर. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीसारखं त्यांचंही हंगामावर चालायचं, फक्त कपडे कडक इस्त्रीचे.

मग १९४७ आलं. साहेब गेले, संस्थानं गेली. त्यापाठोपाठ मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला. दारूबंदीच्या बाजूनं आपण सगळ्या आहोत, मी तर आहेच, गावातला गुत्ता हटवायला आपण काय काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्याची एक बाजू ही पण आहे की हॉटेलातलं पिणं बंद झालं तसं नाचणं कमी झालं, आणि नाचणं कमी झालं तसं वाजवणाऱ्यांचं काम घटलं. हॉटेल पूर्ण सुटलं नाही, पण नुसत्या हॉटेलवर घर चालेना.

नेमक्या त्याच वेळी हिंदी सिनेमाला मोठ्या वाद्यवृंदाची गरज पडली होती. सुरुवातीच्या बोलपटांत पेटी, तबला, सारंगी, एखादं व्हायोलिन एवढ्यावर गाणं व्हायचं. आता लोकांना भरगच्च गाणं हवं होतं. नायक क्लबात जातो, नायिका स्टेजवर नाचते, तिथं सारंगीनं कसं भागणार? मग दादरच्या, ताडदेवच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत सकाळी गोव्याची माणसं ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिनच्या पेट्या घेऊन येऊ लागली. रात्री हॉटेल, सकाळी स्टुडिओ.

इथं कामाची वाटणी समजून घ्या, कारण सगळा प्रश्न तिथंच आहे. संगीतकार पेटीवर बसून चाल बांधायचा. ही चाल म्हणजे गाण्याचा जीव, त्यात शंका नाही. पण तीन मिनिटांच्या गाण्यात गायक सगळा वेळ गात नाही. सुरुवातीला वाद्यं वाजतात, दोन कडव्यांच्या मध्ये वाजतात, गायकाच्या मागंही वाजत असतात. आपल्या संगीतात सगळे एकाच सुरावर चालतात. पाश्चात्य पद्धतीत एकाच वेळी ट्रम्पेट वर, सॅक्सोफोन मध्ये, दुसरं कोणी खाली, असे वेगवेगळे सूर वाजतात आणि तरी ते एकमेकांत बसतात. ते बसवायचं कोणी? कोणत्या वाद्यानं कुठं वाजवायचं हे ठरवून पन्नास जणांसाठी पन्नास कागद लिहायचे कोणी? बहुतेक संगीतकारांना ती पाच रेघांची लिपी येत नव्हती. हे काम करणाऱ्याला अरेंजर म्हणत. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचा सहायक होता. फ्रँक फर्नांडनं अनिल विश्वासांसारख्या संगीतकारांबरोबर काम केलं. सेबॅस्टियन डिसूझा या गृहस्थानं शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यं वर्षानुवर्षं बांधली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत आणि शिकवत. प्यारेलाल त्यांचा शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो, ते शिष्यानं गुरूची आठवण म्हणून गाण्यात आणलेलं आहे. सगळ्या देशानं ते नाव म्हटलं आणि कोणालाच ठाऊक नव्हतं की असा एक खरा माणूस गोव्यात राहतो.

सी. रामचंद्र आणि चिक यांची जोडी कशी जमली ते त्यांच्या गाण्यांवरून कळतं. ‘समाधि’मधलं ‘गोरे गोरे’ १९५० चं. त्याची मूळ चाल दक्षिण अमेरिकेकडच्या ठेक्यावरच्या एका इंग्रजी गाण्यावरून घेतलेली, आणि ते गायलं लताबाईंनी अमीरबाई कर्नाटकींबरोबर. पुढच्या वर्षी ‘अलबेला’. त्यात बोंगो आहे, ट्रम्पेट आहे, आणि त्याच सिनेमात पिलू रागातली अंगाईही आहे, जी आपल्यापैकी कितीजणींनी लेकराला थोपटताना गुणगुणली असेल. एकाच माणसाला हे दोन्ही जमायचं, कारण त्याच्याजवळ दोन्हीकडची माणसं होती. १९५७ च्या ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’ असंच. त्याची गोष्ट अशी सांगतात की बाहेर पोरं खेळताना काहीतरी अगडमबगडम म्हणत होती, त्यावरून पहिली ओळ सुचली, आणि जॉन गोम्स नावाच्या गोव्याच्या सहायकानं त्यात ‘माका नाका’ घातलं. कोकणीत माका नाका म्हणजे मला नको. आपण इतकी वर्षं ते नुसता आवाज म्हणून म्हणत आलो. मला हे कळलं तेव्हा फार गंमत वाटली. हिंदी सिनेमाच्या गाण्यात आपल्या शेजारच्या भाषेतला एक नकार बसला आहे आणि देशभर लोक तो आनंदानं म्हणतात.

आता नावाचं. गाण्याच्या तबकडीवर सिनेमाचं नाव असे, संगीतकाराचं असे. वाजवणाऱ्यांचं नसे. सहायकाचं नाव कधी सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांत येई, आपण खुर्ची शोधेपर्यंत निघून जाई. वाजवणाऱ्यांना शिफ्टप्रमाणे रोख पैसे मिळत. गाणं चाललं नाही तरी तेवढेच, आणि सत्तर वर्षं चाललं तरी तेवढेच.

हे फक्त वाजवणाऱ्यांचं होतं असंही नाही. १९४९ साली ‘महल’ आला, त्यातलं ‘आयेगा आनेवाला’ सगळीकडं वाजू लागलं. तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं कामिनी. कामिनी म्हणजे सिनेमातल्या मधुबालाच्या पात्राचं नाव! गाणारी वेगळीच. ऐकणाऱ्यांनी रेडिओकडं विचारणा केली की ही गाणारी आहे कोण, तेव्हा रेडिओनं कंपनीकडून नाव मागवलं आणि सांगितलं, लता मंगेशकर. त्यानंतर तबकड्यांवर गायकांची नावं यायला लागली. म्हणजे बघा, आपण ज्या रेडिओवरून आत्ता बोलतो आहोत, त्यातून ऐकणाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला म्हणून एका बाईला तिचं नाव मिळालं. पुढं साठच्या दशकात लताबाईंनी रॉयल्टीही मागितली, म्हणजे तबकड्या खपतील तसा वाटा. त्यावरून रफीसाहेबांशी मतभेद होऊन काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार, संगीतकार यांचा रॉयल्टीचा वाटा करारात लिहून घेऊनही काढून घेता येणार नाही, असं ठरलं. पण ज्यानं पन्नास जणांचे कागद लिहिले त्या अरेंजरला, ज्यानं तो ट्रम्पेटचा तुकडा वाजवला त्याला, यातलं काही पोचलं नाही. त्यांचं आयुष्य तोवर संपून गेलं होतं.

इथं मला आपल्या एका गटाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. गटानं सरगुंडे आणि कुरडया केल्या. एका दुकानदारानं साध्या पिशव्यांत भरून सगळा माल उचलला, भाव बरा दिला. पुढं गटातली एक बाई लग्नाला दुसऱ्या गावी गेली, तिथं तिला त्याच कुरडया दिसल्या, चकचकीत पाकिटात, वर दुकानदाराचं नाव, ‘घरगुती चव’ म्हणून. बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, “पैसे तं भेटले नं ताई, नाव घेऊन का चाटाचं हाय?” दुसरी म्हणे, “हात आमचे, चव आमची, मंग आमचं नाव काऊन नाई?” मी तेव्हा पहिलीला लगेच गप्प केलं नाही, कारण तिच्या घरी त्या पैशानं शाळेची फी भरली गेली होती. चिकच्या बँडमधल्या माणसांनीही असंच म्हटलं असेल. रोख मिळते आहे, घरभाडं भरायचं आहे, नावाचं काय. पण नाव पाकिटावर नसेल तर पुढच्या वर्षी दुकानदार दुसऱ्या गटाकडून माल घेऊ शकतो आणि गिऱ्हाइकाला कळतही नाही. नाव असलं की गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं, आणि मग भाव बोलायची ताकद आपल्या हातात येते. लताबाईंना आधी नाव मिळालं, रॉयल्टी मागायची ताकद त्यानंतर आली. तो क्रम उलटा होत नाही.

चिकनं स्वतःच्या नावावरही सिनेमे केले. ‘नादान’ १९५१ चा, ‘रंगीली’ १९५२ चा, ‘कर भला’ १९५६ चा. यांना संगीतकार म्हणून पडद्यावर त्याचं नाव आहे. पण आज वरातीत वाजतात ती गाणी यांतली नाहीत. दुसऱ्याच्या चालीत जीव ओतणं आणि स्वतःची चाल बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं जमलं नाही म्हणून पहिलं हलकं ठरत नाही. १९६६ च्या ‘आखिरी खत’मध्ये तो पुन्हा पडद्यावर दिसतो. क्लबात भूपिंदर गातो आहे आणि शेजारी चिक ट्रम्पेट वाजवतो आहे. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, तो गेला. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

भगवानदादांचं काय झालं तेही सांगते. ‘अलबेला’नं त्यांना बंगला दिला, गाड्या दिल्या. पुढचे सिनेमे पडले आणि सगळं विकावं लागलं. ते दादरच्या चाळीत परत आले आणि छोट्या छोट्या भूमिका करत राहिले. कुठल्याही सिनेमात नाचाचा घोळका आला की त्यात तो दोन हात वर करणारा म्हातारा दिसायचा. २००२ साली ते गेले. २०१६ मध्ये ‘एक अलबेला’ नावाचा मराठी सिनेमा त्यांच्यावर निघाला, त्यात मंगेश देसाईंनी त्यांचं काम केलं आहे.

आता कोणी म्हणेल, ताई, या सगळ्यात बाई कुठं आहे? वाजवणारे सगळे पुरुषच. खरं आहे. म्हणून गोव्याच्याच आणखी एका बँडचं सांगते, त्याच्या मध्यभागी बाई होती.

मडगावचा क्रिस पेरी, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारा. साठच्या दशकात मुंबईत चर्चगेटच्या हॉटेलांत त्याचा बँड वाजे. त्यानं एक नवी गोष्ट केली. जॅझचा बाज ठेवला आणि शब्द कोकणी घेतले. आजवर जॅझ म्हणजे साहेबाची भाषा होती, यानं ती त्याच्या आईच्या भाषेत आणली. गायला होती लोर्ना कोर्देरो, मुंबईत राहणारी तरुण पोरगी, आवाज खणखणीत, जरासा घोगरा. त्यांची ‘पिसो’, ‘बेबदो’ ही गाणी आजही गोव्यात लग्नात वाजतात. पिसो म्हणजे वेडा. बेबदो म्हणजे, तुम्ही ओळखलंच असेल, बेवडा. आपल्या दारूबंदीच्या मोर्चाला ते गाणं चालेल असं मला एकदा वाटलं होतं, पण त्याचा ठेकाच असा आहे की मोर्चातल्या बाया घोषणा सोडून नाचायला लागतील.

सत्तरच्या दशकात दोघांचं फिसकटलं आणि लोर्नाचा आवाज बंद झाला. तिनं सही केलेल्या करारामुळं तिला दुसऱ्या कोणत्याही बँडबरोबर गाता येत नव्हतं, असं त्या काळाबद्दल लिहिणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. साधारण वीस वर्षं ती गायली नाही. भर उमेदीतली वीस वर्षं. तिच्या तबकड्या, कॅसेटी घरोघर वाजत होत्या आणि ती मुंबईत साधी नोकरी करून जगत होती. पुष्कळ जणांना वाटायचं की ती आता या जगात नाही.

बैठकीत कागद फिरवताना मी नेहमी अडून बसते ना, की वाचून सही करा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, कोरा धनादेश देऊ नका, त्या वेळी काही जणी कंटाळतात. घड्याळ बघतात. पुढच्या वेळी कंटाळा आला की लोर्नाला आठवा. तिला इंग्रजी येत होतं, शहरात वाढली होती, आवाजाला जोड नव्हती. तरी एक कागद तिच्या गळ्याच्या वरचढ ठरला. गटाच्या सदस्य म्हणून, जामीनदार म्हणून, मायक्रोफायनान्सच्या फॉर्मवर, कुठंही सही करताना तीन गोष्टी विचाराव्यात. हे किती दिवसांसाठी आहे? यात मला काय करायची मनाई आहे? आणि मधेच सोडायचं झालं तर कसं सोडायचं? आणि कागदाची एक प्रत आपल्याजवळ ठेवायची.

लोर्ना परत आली ती १९९५ साली. रॉनी मोन्सेरात नावाच्या तरुण संगीतकारानं तिच्यासाठी नवी गाणी केली, तिला तयार केलं, आणि पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर कार्यक्रम ठेवला. वीस वर्षं न गायलेला गळा, पुढं गर्दी. लोक तिची जुनी गाणी शब्दन् शब्द पाठ असलेले. ती गायली, आणि त्यानंतर पुढं कितीतरी वर्षं गात राहिली. या दोघांच्या जीवनावरून सुचलेला ‘नाचोंया कुंपासार’ हा कोकणी सिनेमा बारद्रॉय बारेटो यांनी केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि गायिकेचं काम करणाऱ्या पालोमी घोषचाही त्यात खास उल्लेख झाला. नावाचा अर्थ, चला ठेक्यावर नाचू. कुठं बघायला मिळाला तर बघा, कोकणी आपल्याला निम्मी तरी समजते.

आता वेळ होत आली. केंद्रातले दादा काचेपलीकडून हात करताहेत. जाताना ‘दीवाना परवाना’ लावून देते. गाणारा थांबला की मागचं ऐका. ट्रम्पेट वाजवतो तो आंतोनियो झेवियर वाझ, राहणार हळदोणे, गोवा.

पुढच्या मंगळवारी पीकविम्याच्या फॉर्मबद्दल बोलू. सातबारा आणि आधार जवळ घेऊन बसा.